दिवस मावळल्यावर उसळणारे बुडबुडे

मार्चमध्ये संध्याकाळी सातनंतर जमीन मोजणीच्या रोव्हरला (उपग्रहांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राला) फिक्स, म्हणजे अचूक स्थान, मिळत नाही, यंत्र बिघडलं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. यंत्र बहुधा ठणठणीत असावं. खोड साधारण तीनशे किलोमीटर वर, आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात असू शकते.

सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा खालचा भाग झपाट्याने विरतो. वरचा दाट एफ थर टिकतो आणि चुंबकीय विषुववृत्तावर विद्युतक्षेत्र त्याला आणखी उचलून धरतं. तेलावर पाणी ठेवावं तशी ही अवस्था. जरा धक्का लागला की खालचा विरळ प्लाझ्मा बुडबुडा होऊन वर घुसतो. त्याच्या आत घनता शंभरपट, कधी हजारपट कमी असते. त्यातून येणारे उपग्रहांचे संकेत लुकलुकतात, तुटतात.

हे उमगायला जवळपास चाळीस वर्षं लागली. पेरूमधल्या वान्कायोच्या नोंदींत रात्री रेडिओ प्रतिध्वनी फिसकटलेले दिसतात, हे बुकर आणि वेल्स यांनी १९३८ मध्येच मांडलं होतं. पण लिमाजवळच्या हिकामार्का रडारने पेच वाढवला. १८,४३२ द्विध्रुवांच्या त्या प्रचंड अँटेनाला थराच्या वरच्या अंगालाही खळबळ दिसे. तिथे तर जड खाली आणि हलकं वर, म्हणजे सगळं स्थिर! एकही सिद्धान्त जुळत नाही, अशी कबुली १९७० मध्ये संशोधकांनी छापून दिली. मला ती फार मोलाची वाटते. त्यांच्यातलेच पेरूचे रोनाल्ड वुडमन यांनी १९७६ मध्ये सेझार ला होस यांच्यासह उंची आणि वेळ यांचा सलग नकाशा काढला. त्यात तळापासून वर गेलेले तुरेच्या तुरे उमटले. खळबळ वर जन्मत नव्हती, खालून चढत होती! पाठ्यपुस्तकांत वुडमन यांचं नाव ठळक यायला हवं.

हे बुडबुडे चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिण पसरतात, म्हणून चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या तमिळनाडू-केरळपुरते राहत नाहीत. कोल्हापुरातून घेतलेल्या ६३० नॅनोमीटरच्या तांबूस रात्रदीप्तीच्या छायाचित्रांत ते पूर्वेकडे सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात.

आपल्याकडे ते विषुवदिनांच्या आसपास जास्त, कारण तेव्हा सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेषांशी जुळते. हंगाम असा सांगता येतो. ‘आज रात्री नक्की’ असं सांगणाऱ्या दाव्यांवर मात्र विसंबू नये. सूर्य तसाच, चुंबकीय वातावरण तसंच शांत, तरी सोमवारी बुडबुडे उठतात आणि मंगळवारी नाहीत. पहिला धक्का खालच्या वातावरणातून चढणाऱ्या गुरुत्व-लहरी देतात, असं अनेकांना वाटतं. पण कोणत्या संध्याकाळी कोणती लहर पुरेशी ठरेल, यावर वाद अजून चालू आहे.