नदीतील मासे : मूळचे व परके

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा-मुठा नद्यांत पूर्वी स्थानिक माशांचे वैपुल्य होते. शहर वाढले, सांडपाणी पात्रात मिसळू लागले व पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटला. महसीरासारखे मासे स्वच्छ, वाहत्या पाण्यावाचून टिकत नाहीत. चिलापी मात्र अशा पाण्यातही तग धरतो. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते व वर्षातून अनेकदा वीण होते. स्थानिक माशांपैकी पुष्कळांची वीण केवळ पावसाळ्यात होते. साहजिकच अन्न व जागा यांच्या चढाओढीत ते मागे पडतात.

केवळ चिलापी पकडून प्रश्न सुटत नाही. पाणी अशुद्धच राहिले, तर रिकामी जागा तोच पुन्हा व्यापतो. म्हणून सांडपाणी शुद्ध करून सोडणे, विणीच्या काळात मासेमारी थांबविणे व परके मासे नदीत न सोडणे, हे उपाय एकत्रच योजावे लागतात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह गावातील भोई मंडळींकडून माशांच्या नावांची यादी करावी. जे मासे आता केवळ वृद्धांच्या आठवणीत उरले असतील, त्यांच्यापासून पाठास प्रारंभ करावा.