हाताला कळतं ते यंत्राला कसं शिकवायचं?

पुरणपोळीची कणीक किती वेळ तिंबायची, असं कुणी तुम्हांला विचारलं तर काय सांगाल? ‘दहा मिनिटं’ असं काही आपण म्हणत नाही. ‘हाताला सैल लागली पाहिजे’, ‘ओढली तर तुटता कामा नये’, ‘झाली की कळतंच’ अशी उत्तरं देतो. नव्या सुनेला या ‘कळतंच’चा फार राग येतो, आणि तो रास्तही आहे. कारण कळत असतं ते आपल्याला, तिला नव्हे! पाककृतींच्या पुस्तकांतही तीच तऱ्हा. मीठ चवीपुरतं, पाणी लागेल तसं आणि पीठ मावेल तेवढं.

आता गंमत अशी, की नेमक्या याच ‘कळतंच’पाशी मोठमोठ्या कंपन्या येऊन अडल्या आहेत. त्यासाठी त्यांनी एक भारदस्त नावही शोधून काढलं: ज्ञान व्यवस्थापन. कंपनीतल्या माणसांना जे येतं ते टिकवायचं कसं, एकाचं दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचं कसं आणि त्यातून काही नवीन घडवायचं कसं, याचा हा विचार. घरातलं कुणी नोकरी करत असेल, किंवा तुम्ही स्वतः करत असाल, तर हा शब्द एव्हाना कानांवरून गेलाही असेल. शब्द ऐकून जांभई येते खरी. पण या विषयातली सर्वांत गाजलेली गोष्ट चक्क पीठ मळण्याची आहे. तीच आज सांगते.

गोष्ट जपानमधल्या ओसाका शहरातली. मात्सुशिता ही तिथली विजेच्या उपकरणांची प्रचंड कंपनी, १९१८ साली कोनोसुके मात्सुशिता यांनी काढलेली. २००८ साली तिने पॅनासोनिक हे नाव घेतलं, म्हणजे तुम्ही तिला ओळखताच. १९८४ साली या कंपनीने आपले तीन विभाग मोडून त्यांचा एक केला. एक विभाग भाताचे कुकर करणारा, दुसरा टोस्टर, कॉफीची यंत्रं अशा तापणाऱ्या वस्तूंचा आणि तिसरा मिक्सरसारख्या फिरणाऱ्या यंत्रांचा. तिघांची बोली वेगळी, कामाची रीत वेगळी. तीन जावांना एका चुलीवर आणलं तर पहिले काही महिने काय होतं, ते मी सांगायला नको.

याच सुमारास कंपनीने काही माणसं अमेरिकेला पाठवली. काम काय, तर लोक रोजच्या रोज कसे राहतात ते नुसतं पाहून यायचं. त्यांनी पाहिलं, की नोकरी करणाऱ्या बायका वाढल्या आहेत, घरचा स्वयंपाक झटपट उरकला जातो आहे आणि जेवणाचा कस उतरला आहे. (कस उतरला की बोट नोकरी करणाऱ्या बाईकडेच दाखवायचं, ही रीत तिकडेही आहे असं दिसतं!) उद्या आपल्याकडेही हेच होणार, असं त्यांनी ताडलं. मग ठरलं, की करायला सोपं आणि तरी खायला चांगलं, असं काहीतरी काढायचं. त्यातून घरच्या घरी पाव करणाऱ्या यंत्राची कल्पना पुढे आली. रात्री पीठ, पाणी, यीस्ट घालून ठेवायचं आणि सकाळी ताजा पाव काढायचा. मोटर मिक्सरवाल्यांची, भाजणं टोस्टरवाल्यांचं आणि वेळ व उष्णता सांभाळणारा छोटा संगणक कुकरवाल्यांचा. तिन्ही जावा कामाला लागल्या.

पण पाव काही केल्या जमेना. वरचं कवच करपायचं आणि आत पीठ कच्चं राहायचं. मळण्यातच काहीतरी चुकत होतं, एवढंच कळत होतं. इंजिनिअर लोकांनी काय करावं? यंत्राने मळलेल्या पिठाची आणि सराईत पाववाल्याने मळलेल्या पिठाची क्ष-किरणांनी चित्रं काढली आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यातून काहीही हाती लागलं नाही. हाताची करामत अशी चित्रात सापडती, तर आपल्याकडे सासरी आलेल्या मुलींचे किती त्रास वाचते!

या कामावर इकुको तनाका नावाची एक बाई होती. तिचं काम यंत्राला सूचना देणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. तिने एक साधी गोष्ट सुचवली. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरात सर्वांत चांगला म्हणून नावाजलेला होता. मग तिथल्या मुख्य आचाऱ्याकडेच शिकायला का जाऊ नये? आणि ती गेली. शिकाऊ म्हणून त्याच्या शेजारी उभी राहून मळू लागली, भाजू लागली. विचारून सगळं कळणार नव्हतं, कारण आपण नेमकं काय करतो हे त्या आचाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. तुम्हांला-मला तरी कुठे सांगता येतं? पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं, की तो पीठ नुसतं ओढत नाही. ओढताना पीळही देतो.

हा ‘पीळ देऊन ओढणं’ म्हणजे सगळ्या कोड्याची किल्ली होती. तनाकाबाईंनी ते शब्दांत पकडलं आणि इंजिनिअरांपुढे मांडलं. यंत्राच्या भांड्याला आतून उभ्या कडा बसवल्या, म्हणजे फिरणारं पीठ त्यांना अडून ताणलं जाईल. चुकत-माकत हे सगळं व्हायला वर्ष गेलं. १९८७ साली यंत्र बाजारात आलं. किंमत ३६,००० येन, आणि पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक यंत्रं खपली.

पुढे इकुजिरो नोनाका या जपानी प्राध्यापकांनी १९९१ साली एका अमेरिकन नियतकालिकात ही हकिकत लिहिली, आणि १९९५ साली हिरोताका ताकेउची यांच्याबरोबर त्यावर पुस्तकही काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्ञान दोन प्रकारचं. एक कागदावर मांडता येतं, दुसरं हातात मुरलेलं असतं. नवीन वस्तू घडते ती या हातातल्याचं कागदावर आणि कागदावरच्याचं पुन्हा कुणाच्या तरी हातात येणं-जाणं चालू राहिलं तर. ‘जेवढं सांगता येतं त्याहून जास्त माणसाला येत असतं’ हा विचार त्यांच्याही आधी, १९६०च्या दशकात, मायकेल पोलानी यांनी मांडला होता. हे पोलानी आधी रसायनशास्त्रज्ञ होते, नंतर तत्त्वज्ञानाकडे वळले.

अशीच एक गोष्ट अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीची. यंत्रं दुरुस्त करायला गावोगाव फिरणाऱ्या कारागिरांना कंपनीने जाडजूड पुस्तकं दिली होती. ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात त्यांच्याबरोबर हिंडले, तेव्हा त्यांना दिसलं, की अडलेल्या वेळी पुस्तक पुरत नाही. खरी विद्या मिळते ती खाता-पिताना चालणाऱ्या गप्पांत. ‘अगं, माझ्याकडे परवा असंच झालं’ हे वाक्य आपण बोललो की चकाट्या, आणि त्यांनी बोललं की संशोधन! पुढे १९९०च्या दशकात कंपनीने या युक्त्या साठवण्याची सोय केली. कारागिरानेच युक्ती लिहायची, दुसऱ्या कारागिरांनी ती पारखायची आणि मग ती सर्वांना खुली. बक्षीस म्हणून काय द्यावं, याची चर्चा झाली तेव्हा कारागिरांना पैशांपेक्षा हवं होतं ते हे, की युक्तीखाली आपलं नाव असावं.

आणि इथेच मला ती पावाची गोष्ट पुन्हा खटकते. नोनाकांच्या १९९१च्या लेखात तनाकाबाईंचं नाव आहे, हॉटेलचं नाव आहे. त्या आचाऱ्याचं नाव नाही. ज्याच्या हाताचा पीळ लाखो घरांत गेला, तो नुसता ‘मुख्य आचारी’! आपल्या घरांतून हे काही नवं नाही म्हणा. लोणच्याची कृती आत्याची, पण चार माणसांत ती ‘घरची पद्धत’ म्हणून मिरवते.

दुसरी एक बाजूही सांगायला हवी. रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स या अभ्यासकांनी २००७ साली या सगळ्या कौतुकावरच बोट ठेवलं. आचाऱ्याचं ज्ञान यंत्रात उतरलं हे म्हणणंच खरं नाही, असं ते म्हणाले. यंत्र फक्त हात फिरवतं. पीठ कोणतं आणायचं, माप कसं घ्यायचं, झालेला पाव चांगला की वाईट हे कुणी ठरवायचं, हे सगळं यंत्र लावणाऱ्या माणसाकडेच राहिलेलं असतं. मला हे मनापासून पटतं. मिक्सर आला म्हणून चटणीची चव काही मिक्सरला कळू लागली नाही.

कंपन्यांना या साऱ्याची धास्ती वाटते ती उगाच नाही. तीस वर्षं एकाच यंत्रापाशी काढलेला माणूस निवृत्त होतो, शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो, आणि त्याच्याबरोबर यंत्राचा ‘स्वभाव’ही घरी जातो. मागे राहतात त्या फायली. शहाण्या कंपन्या अशा माणसाच्या हाताखाली आधीपासूनच एखाद्या तरुणाला देतात. शेवटच्या महिन्यात ‘सगळं लिहून ठेवा’ म्हटलं, तर हाती येतं ते फक्त चवीपुरतं मीठ.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही असं कुणी असेल. आई, सासूबाई, मोठी जाऊ. तिची कृती घ्यायची असेल तर ‘प्रमाण सांगा’ म्हणून वही पुढे करू नका. तिला नेहमीसारखं करू द्या. ती मूठ भरेल तेव्हा मुठीतलं आधी तुमच्या वाटीत घाला, मापा, आणि मग परातीत जाऊ द्या. कसं करायचं यापेक्षा बिघडतं कसं, हे जास्त विचारा: कणीक घट्ट झाली तर काय करता, पुरण सैल पडलं तर काय, पावसाळ्यात काय बदलता? उत्तरं तिथेच दडलेली असतात. वहीत पदार्थाखाली तिचं नाव, गाव आणि साल घाला. फोनवर चित्रण करणार असाल तर तिच्या चेहऱ्याचं नको, हातांचं करा. आणि मग फोन बाजूला ठेवून तिच्या परातीतली कणीक स्वतः ओढून पाहा. आधी तिची, मग तुमची.