अक्कलदाढ अडली, तर गाल सुजेपर्यंत थांबू नका

फाल्गुन-चैत्रात वसमत-कळमनुरीकडे हळद काढण्याची, शिजवण्याची घाई असते. अशा वेळी घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाची दाढ ठणकू लागली, की "हळद आटोपू द्या, मग बघू" असे आपण म्हणतो. दाढेखाली तंबाखू धरतो, गालाला शेक देतो. येथेच चूक होते.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात, सर्वांच्या मागून येते. तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. ढेकळाखाली अडलेला कोंब वाकडा होतो, तशी ही दाढ तिरपी किंवा आडवी होऊन हिरडीत, हाडात अडकते. अर्धवट उघड्या हिरडीखाली अन्नकण साठतात, पू होतो, तोंड उघडत नाही. तंबाखूने हिरडी पोळते आणि शेकाने सूज वाढू शकते. लवंगेने ठणका घटकाभर थांबतो. अडलेली दाढ तशीच राहते.

ताप आला, सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, घोट गिळवेना, श्वास लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. पू गळ्यात उतरला तर जिवावर बेतते.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. सरळ आलेली, न दुखणारी दाढ राहू द्यावी. वारंवार सुजणारी, किडलेली किंवा शेजारची दाढ खराब करणारी मात्र काढणे बरे. हिंगोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील दंतवैद्यांना आधी दाखवा. दाढ फार अवघड असेल, तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

शस्त्रक्रियेचे नाव ऐकून घाबरू नका. आधी एक्स-रे काढतात. इंजेक्शनने तेवढाच भाग बधिर करतात. हिरडीला छेद देऊन, लागेल तेवढे हाड कोरून, गरज पडल्यास दाढेचे तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात. खालच्या दाढेजवळून ओठाची नस जाते. क्वचित ओठ काही दिवस बधिर राहतो. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

घरी आल्यावर एवढे पाळा :

• कापसाचा बोळा सांगितला तेवढा वेळ दाबून धरा. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फ लावा.

• पहिले २४ तास थुंकू नका, चूळ भरू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच खुळखुळा.

• मऊ भात-वरण, दुधात कुस्करलेली भाकरी गार करून खा.

• तंबाखू, बिडी, गुटखा, मिश्री बंद. जखमेतली रक्ताची गुठळी निघाली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडे पडून भयंकर ठणका लागतो.

• सूज दोन-तीन दिवस वाढून मग उतरते. त्यानंतरही वाढली, तर पुन्हा दाखवा.

हळद दोन दिवस उशिरा शिजली तरी चालेल. मुलाचे तोंड मिटले, की दवाखान्याची वाट धरा.