खारा वारा आणि फ्रिजचा सेन्सर
(घरातली यंत्रं : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण कॉम्प्रेसर पाहिला. पण कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे तो ठरवत नाही. हुकूम सोडतो सर्किट बोर्ड, आणि बोर्डाला आतली खबर देतो तापमानाचा सेन्सर. खबरच खोटी निघाली तर हुकूम चुकणारच, आणि अलिबाग, रेवदंडा, मुरुडकडच्या घरांत ती खोटी पाडायला खारा वारा टपलेलाच असतो.

जुन्या एकदारी फ्रिजमध्ये सहसा हा सेन्सर नसतो, फिरवायचा साधा थर्मोस्टॅट असतो. त्याला आज बाजूला ठेवू. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दोन वायरींच्या टोकाला छोटंसं बोंड दिसतं, तो थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो, ऊब आली की उतरतो. धातूंच्या उलट असलेलं हे वागणं मायकेल फॅरडे यांना १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसलं होतं.

आता मिठाचा प्रताप. मिठाचे कण हवेतली ओल ओढून घेतात. कनेक्टरच्या पिना हिरवट पडल्या की तिथं जादा रोध तयार होतो. बोर्डाला वाटतं, आत भरपूर गारठा आहे. कॉम्प्रेसर लवकर बंद होतो आणि दूध नासतं. उलट बोंडातच ओल शिरली तर विजेला चोरवाट मिळते, रोध घटतो आणि बोर्डाला आत उकाडा भासतो. मग कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, खालच्या कप्प्यात काकडी गोठते. कारण एकच, दुखणी मात्र उलटसुलट. त्यामुळे ‘गॅस भरावा लागेल’ असं कोणी म्हणालं की आधी मीटर लावायला सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅस कमी झालेल्या फ्रिजमध्ये सहसा भाजी गोठत नाही.

त्याआधी मधल्या फळीवर ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा. सकाळी ३ ते ५ अंश दिसले तर फ्रिज ठीक आहे. पावसाळ्याच्या बेगमीची कोळंबी वाऱ्याच्या झरोक्यासमोर ठासून रचली असेल, किंवा दाराचं रबर सैल असेल, तर सेन्सरवर आळ घेऊ नका.

खरी परीक्षा बर्फाच्या पाण्यात होते. प्लग काढा, सेन्सर सोडवा आणि पिण्याच्या पाण्यात कुटलेला बर्फ घालून त्यात बुडवा. मासळीच्या पेटीतला बर्फ नको. मीठ लागलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. समुद्राचं पाणी सुमारे उणे १.९ अंशाला गोठतं. आपल्याला नेमके ० अंश हवेत. २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा सेन्सर इथं साधारण ३२-३३ किलोओहम दाखवतो. ५ किलोओहमचेही असतात, म्हणून मॉडेलचा तक्ता पाहिल्याशिवाय निकाल नको. वायर हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर बहुधा सेन्सर निर्दोष आहे, दोष जोडात आहे. अशा वेळी कनेक्टर साफ करून भागतं.

पंख्यामागे बर्फाची भिंत जमली असेल तर ती सुरीनं टोकरू नका. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो; नळीला भोक पडलं तर तो बाहेर येतो, आणि तो पेट घेतो. प्लग काढून दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या.

नवा सेन्सर जोडताना वायरी पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत किनाऱ्यावर फार टिकत नाही. सोल्डर करून घ्या, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि वायरीला थोडा झोळ द्या, म्हणजे पाण्याचे थेंब जोडाकडे न जाता खालीच गळतील.