मधुरनित्या : खान्देशातील स्त्री आणि रोजची साखर

गर्भिणीच्या आहारविहारातील दोष सांगताना चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात ‘मधुरनित्या’ हा शब्द योजिला आहे. जी गर्भिणी सतत मधुर रसाचेच सेवन करते तिचे अपत्य प्रमेही, मूक अथवा अतिस्थूल होते, असा तेथील आशय आहे. या शब्दातील ‘मधुर’ पदाकडे आपणां सर्वांचे लक्ष जाते. ‘नित्य’ पदाकडे तितकेसे जात नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांत स्त्रीरोगचिकित्सा करणाऱ्या वैद्यबंधुभगिनींनी या दुसऱ्या पदाचा विचार अधिक करावा, असे आम्हांस वाटते.

खान्देशात गोडाचे सण थोडे नाहीत. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसाठी खापरावरची पुरणपोळी व आंब्याचा रस होतो, सांजोऱ्या तळल्या जातात. श्रावणात कानबाईचे रोट होतात. पथ्य सांगताना आपण प्रथम याच पदार्थांवर बोट ठेवतो आणि रुग्णा मनातून नाराज होते. वस्तुतः हे प्रसंग वर्षातून मोजके. नित्य आहे तो चहा. सकाळी उठल्यावर, शेतावर निघताना, पाहुण्यांसोबत, दुपारी, पुन्हा सायंकाळी असे पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर चमचा सुमारे ५ ग्रॅमचा असल्याने दिवसाची साखर ५० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, ती एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० उष्मांकांच्या आहारात सुमारे ५० ग्रॅमच्या आत. आणि शक्य तर त्याच्याही निम्मी. म्हणजे बिस्किटे, टोस्ट व बाटलीतील शीतपेये हिशेबात धरण्यापूर्वीच मर्यादा संपली. ‘गोड खाता का?’ या आपल्या प्रश्नाला मात्र ‘नाही, आवडतच नाही’ असे उत्तर मिळते आणि ते प्रामाणिकही असते. कारण चहाला कोणी गोड पदार्थ समजत नाही. प्रश्नच बदलावयास हवा.

आर्तवावर याचा परिणाम कसा होतो? दोषांनी मार्ग आवृत झाल्याने आर्तव दिसेनासे होते, अशी नष्टार्तवाची संप्राप्ती सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सांगितली आहे. काश्यपसंहितेत पुष्पघ्नी जातहारिणीचे वर्णन येते. तीत आर्तव यथाकाल दिसूनही निष्फळ ठरते आणि गाल स्थूल व लोमश असतात. आजच्या पीसीओएसशी यातील काही लक्षणे जुळतात. दोन्ही एकच, असे मात्र म्हणता येत नाही. आधुनिक शास्त्रानुसार या विकारातील अनेक स्त्रियांत इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे रक्तातील इन्सुलिन वाढते. वाढलेले इन्सुलिन बीजकोशातील थीका पेशींना अधिक पुरुषी संप्रेरके निर्माण करावयास लावते. त्याच वेळी ही संप्रेरके बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन घटते. परिणामी बीजाची वाढ अर्ध्यावर थांबते, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. केवळ साखरेने हा विकार होतो असे नव्हे. बीजदोष, निद्रा, व्यायामाचा अभाव हेही हेतू आहेत. पण ज्या क्षेत्रात तो रुजतो त्या क्षेत्रास रोजची साखर पाणी घालते.

गर्भधारणेविषयी उत्तर अमेरिकेतील अपत्येच्छू दांपत्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साखरयुक्त पेये रोज घेणाऱ्या स्त्रियांत व पुरुषांतही गर्भधारणेची शक्यता कमी आढळली. तो निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही पथ्य पतीसही सांगावे, इतके त्यावरून खचित म्हणता येते. सासूबाई सुनेला घेऊन येतात, मुलगा घरीच राहतो, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

स्थौल्य दिसले तरच संतर्पणजन्य व्याधीचा विचार करावा, हा समज आपल्या भागात विशेष धोक्याचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व अपत्यांचा दीर्घ अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. परंतु वजन व स्नायू यांच्या मानाने त्वचेखालील मेद फारसा कमी नव्हता. दिसावयास कृश, अंतरी मेदस्वी. असे बालक पुढे तरुणी होते, तेव्हा वजनकाट्यावर कृश ठरूनही ती इन्सुलिनच्या विकारास पात्र असू शकते. म्हणून कटीचा घेर, मानेवरील काळसरपणा आणि माता-पित्यांचा मधुमेह यांची नोंद घ्यावी. याउलट सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील पाड्यांवरून येणारी, खरोखर अपतर्पणाने क्षीण झालेली, रक्ताल्पता असलेली स्त्रीही आपल्याच दारी येते. तिला ‘गोड बंद’ असे छापील पथ्य देणे अन्यायाचे होईल. तिला आधी पोटभर अन्न हवे.

आता आपल्याच औषधांविषयी. शतावरी कल्प आपण गर्भिणीस व सूतिकेस सर्रास देतो. त्यातील मोठा भाग साखरेचा असतो. कुमार्यासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट यांत गूळ आहे; अवलेहांविषयी तर बोलावयास नको. रुग्णेचा चहा बिनसाखरेचा करावयाचा आणि दोन वेळा दोन-दोन चमचे कल्प लिहून द्यावयाचा, ही विसंगती आहे. चूर्ण, क्वाथ, घनवटी, घृत हे पर्याय आपल्या हाती आहेतच. साखरेऐवजी गूळ घ्या, असेही अनेक वैद्य सांगतात. प्रमेहाच्या हेतूंत चरकाचार्यांनी गुळाच्या विकृतींचा नामनिर्देश केला आहे, हे ते विसरतात.

केळ्याविषयी रावेर-यावलच्या रुग्णा हमखास विचारतात. अख्ख्या फळातील साखर वरून घातलेल्या साखरेत मोजली जात नाही; निरोगी स्त्रीने एखादे केळे खाण्यास प्रत्यवाय नाही. साखर घालून केलेल्या शिकरणाची गोष्ट वेगळी. गर्भिणीचा मधुमेह निश्चित झाला असेल तर मात्र केळेही मोजूनच.

गर्भिणीचा मधुमेह नाडीवरून वा मूत्रपरीक्षेवरून ठरवू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. १४० मिलिग्रॅम वा अधिक आल्यास निदान होते. यासाठी उपाशी येण्याची गरज नसल्याने दूरच्या गावाहून आलेल्या स्त्रीसही ती करता येते. पहिल्या भेटीतच करावी. ती प्राकृत आल्यास २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. इन्सुलिन चालू असल्यास आपण ते थांबवू नये.

आहाराचा पर्याय दूर शोधावा लागत नाही. नष्टार्तवात सुश्रुताचार्यांनी कुळीथ, तीळ व उडीद हितकर मानले आहेत. ज्वारीसह अख्खे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी आपल्या घराघरांत आहे. सोबत वांग्याचे भरीत, मेथीची भाजी, कुळथाचे कढण. भाकरीही मोजूनच घ्यावयाची, हे सांगावे. चहाची साखर एकदम तोडण्यापेक्षा पंधरवड्यास अर्धा चमचा कमी करण्यास सांगितले, तर रुग्णा ते पाळते.