औषधविक्रेत्यांचे उजळणी वर्ग : नियमबदलाचा खर्च आणि लाभ

१९९५ च्या सुमारास औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन तालुक्याच्या गावी दुकान उघडलेला फार्मासिस्ट आज पन्नाशीच्या घरात असेल. तो शिकला तो १९९१ च्या नियमावलीचा अभ्यासक्रम. तो अभ्यासक्रम बदलण्यास पुढे २०२० साल उजाडावे लागले. त्याच्या विद्यार्थिदशेत ‘एच-१’ ही अनुसूची अस्तित्वातच नव्हती. ती २०१३ मध्ये अधिसूचित होऊन मार्च २०१४ पासून अमलात आली. काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही ३ वर्षे जपून ठेवणे तेव्हापासून आवश्यक झाले. २०१८ मध्ये क्षयरोगाची औषधे नेणाऱ्या रुग्णांची माहिती शासनास कळविण्याची जबाबदारी औषध दुकानांवरही आली. डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण असलेले सर्दीचे औषध ४ वर्षांखालील बालकांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिले.

पदवी घेतल्यावर पुढील तीस-चाळीस वर्षे त्याच शिदोरीवर हा व्यवसाय चालविता येणार नाही, हे यावरून ध्यानात यावे. खेड्यातील रुग्णाची दवाखान्यातून बाहेर पडल्यावर शेवटची गाठ पडते ती औषध देणाऱ्याशीच. गोळी जेवणापूर्वी घ्यावयाची की नंतर, ताप उतरला तरी प्रतिजैविकाचा ठरलेला क्रम पुरा का करावयाचा, हे त्याने सांगितले नाही तर पुढे सांगणारे दुसरे कोणी नसते.

या दृष्टीने फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांत एक तरतूद केली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रत्येक फार्मासिस्टने ५ वर्षांत किमान २ उजळणी वर्गांना उपस्थित राहिले पाहिजे आणि प्रत्येक वर्ग किमान एक दिवसाचा असला पाहिजे, अशी ही अट आहे. महाराष्ट्रातील डॉक्टरांना याच ५ वर्षांच्या मुदतीत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. त्यामानाने फार्मासिस्टवरील भार हलकाच म्हणावयास हवा. साहजिकच नियम अधिक कडक करावा, वर्गांची संख्या वाढवावी, असे मत मांडले जाते.

परंतु खर्चाची बाजू कागदावर दिसते तेवढी सोपी नाही. ५ वर्षांत २ दिवस म्हणजे १,८२६ दिवसांपैकी २, हा हिशेब पुण्या-मुंबईच्या दुकानाला लागू पडतो. भामरागड किंवा धडगावच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या एका दिवसाच्या वर्गासाठी प्रवास धरून दोन दिवस सहज मोडावे लागतात. शिवाय १९४८ चा फार्मसी अधिनियम आणि १९४५ चे औषध नियम यांनुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. एकच फार्मासिस्ट असलेले दुकान त्या दिवशी नियमाने चिठ्ठीवरचे औषध देऊच शकत नाही. म्हणजे एक नियम त्याला गल्ल्यावर उभे करतो आणि दुसरा तेथून उठवितो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा औषध निर्माण अधिकारी असेल तर हीच अडचण जिल्हा परिषदेची होते. वर्ग वाढविले की मालकाचा गल्ला तर बुडतोच, पण दूरच्या पाड्यावरून पायपीट करून आलेल्या रुग्णाची खेपही फुकट जाते.

या खर्चाच्या बदल्यात पदरात काय पडते, हाही प्रश्न आहे. नुसते व्याख्यान ऐकल्याने प्रत्यक्ष कामकाजात पडणारा फरक अल्प असतो, असे वैद्यकीय व्यावसायिकांच्या निरंतर शिक्षणाच्या अभ्यासांत दिसून आले आहे. सकाळी सही, दुपारी भोजन आणि सायंकाळी प्रमाणपत्र एवढ्यावर वर्ग आटोपला, तर नियम पाळला जातो पण ज्ञानात भर पडत नाही. काही ठिकाणी प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर आणि प्रमाणपत्रधारक भलतीकडेच, असाही प्रकार चालतो. तेथे वर्गांची संख्या दुप्पट केली तरी गल्ल्यावरील माणूस जेथल्या तेथेच राहणार. त्याचे औषध तपासणीच्या कामात आहे, शिक्षणाच्या नियमात नाही.

ग्रेट ब्रिटनमध्ये फार्मासिस्टांच्या नियामक परिषदेने २०१८ मध्ये केलेला बदल येथे विचारात घेण्याजोगा आहे. पूर्वी तेथे प्रत्येकाला वर्षातून ९ शैक्षणिक नोंदी लिहाव्या लागत. नव्या पद्धतीत त्या ४ वर आल्या, आणि जोडीला एका सहव्यावसायिकाशी आपल्या कामाविषयी चर्चा व स्वतःच्या कामाचा एक चिकित्सक वृत्तान्त यांची भर पडली. एकूण नोंदी घटल्या आणि रोख प्रत्यक्ष कामाकडे वळला. तेथील पद्धत जशीच्या तशी उचलणे आपल्याकडे सोयीचे नाही. मोजावयाचे काय, हा प्रश्न मात्र आपल्यालाही टाळता येणार नाही.

महाराष्ट्रात याचा उपयोग करावयाचा तर वर्ग तालुक्याच्या ठिकाणी आणि दुकानांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी भरविता येतील. येताना प्रत्येकाने आपली एच-१ ची नोंदवही आणावी, वर्गात तिच्यातील नोंदींवरच चर्चा व्हावी, आणि शेवटी दहा-पंधरा प्रश्नांची छोटी चाचणी घ्यावी. चाचणीमुळे आयोजकांचे काम वाढेल, थोडा पैसाही लागेल. पण उपस्थितीच्या सहीपेक्षा तिच्यावर केलेला खर्च अधिक सत्कारणी लागेल. आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांच्या बैठका तालुक्याला होतच असतात. त्यांतील एखादा तास औषधांविषयीच्या नव्या आदेशांना देता येईल, आणि खाजगी दुकानदारांनाही त्यास बोलावता येईल. त्यासाठी जिल्हा परिषदेला वेगळी इमारत नको की मोठी तरतूद नको. अडचण आहे ती विनियमाच्या शब्दांची. वर्ग किमान एक दिवसाचा असावा, ही अट कायम असेपर्यंत अशा तासांची बेरीज नूतनीकरणाच्या वेळी हिशेबात धरता येत नाही.