भरतीला पंचांग आहे, लोंढ्याला नाही

समुद्रकाठाने दिवसभर पायी चालावे आणि चालता चालता एखादा धबधबा थेट वाळूवर कोसळताना पाहावा, असा योग जगात फार थोड्या ठिकाणी येतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सान फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, पॉइंट रेयस नावाचा राखीव किनारा आहे. तेथील अलामेर धबधबा सुमारे ४० फूट उंचीच्या कड्यावरून पुळणीवर पडतो आणि काही पावलांतच त्याचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यास मिळते. तो पाहण्यासाठी जाऊन-येऊन वीस-एकवीस किलोमीटर चालावे लागते, तरी हौशी लोक आनंदाने चालतात. त्याच राज्यात दक्षिणेकडे मॅकवे नावाचा ८० फुटी धबधबा आहे. पूर्वी तो सरळ समुद्रात पडे. १९८३ साली जवळच मोठी दरड कोसळली, तिची माती लाटांनी कड्याखाली आणून टाकली आणि तेथे नवी पुळण तयार झाली.

अशा वाटेवर वाटसरूला एका गोष्टीचे भान ठेवावेच लागते, ते म्हणजे भरतीचे. एका बाजूस उभा कडा व दुसऱ्या बाजूस चढता समुद्र, अशा कोंडीत सापडला तर सुटका कठीण. परंतु भरती ही शिस्तीची आहे. आपले कोकणातील कोळीबांधव तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ज्याला तिथी ठाऊक आहे, त्याला परतण्याची वेळही ठाऊक आहे.

आमच्या वांकिडीला समुद्र नाही. येथले ओढेनाले अखेर गोदावरीला मिळतात व तिच्या संगतीने दूर पूर्वसमुद्रास जातात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला आणि आम्ही आंध्रात राहिलो. २०१४ पासून तेलंगणात आहोत, आणि २०१६ पासून आमचा जिल्हा आसिफाबाद. सीमा अशा हलल्या, तरी घरातली मराठी हलली नाही आणि पावसाळ्यात डोंगरातून उड्या घेणारे पाणीही हलले नाही. त्या पाण्याच्या भेटीला एक दिवस पायी जाणे, हीच आमची सागरतीराची सहल समजावी.

पाहण्यासारखी स्थळे पुष्कळ आहेत. नेरडिगोंड्यापासून बारा किलोमीटरांवर कडम नदी सुमारे १५० फूट खाली झेप घेते, तो कुंतालाचा धबधबा. शकुंतलेवरून त्यास हे नाव पडले, असे लोक सांगतात. तेथे सोमेश्वराचे स्थान असून शिवरात्रीस मोठी गर्दी लोटते. आमच्याच जिल्ह्यात लिंगापूर मंडलातील पिट्टागुडा गावाजवळ सप्तगुंडाला आहे. तेलुगूत गुंडम म्हणजे डोह. नावाप्रमाणेच एकामागून एक सात धबधबे रानात दडले आहेत, आणि त्यांचे दर्शन पायी चालल्यावाचून घडत नाही.

एका पावसाळ्यात आम्ही गावातील काही तरुणांसह असेच एका ओढ्याच्या काठाने निघालो होतो. वाट दाखविण्यास एक वृद्ध गोंड गृहस्थ सोबत होते. आमच्या माथ्यावर स्वच्छ ऊन होते. पहिला धबधबा पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्यापाशी मुले डोहात उतरण्याच्या बेतात होती. वृद्ध गृहस्थ काठावर बसून नुसते पाण्याकडे पाहत होते. एकाएकी ते उठले व म्हणाले, “फादर, पाणी गढूळ यायला लागलं. वर पाऊस लागला. पोरांना काठ चढायला सांगा.” मुले कुरकुरली. ऊन असताना पाऊस कसला, असेही एकाने विचारले. तरी सर्वजण वर चढले. अर्धा तास झाला नसेल, ज्या खडकावर शिदोऱ्या सोडण्याचा विचार होता तो खडक दिसेनासा झाला. उरलेले धबधबे तसेच राहिले. परतीच्या वाटेवर कुरकुर मात्र कोणी केली नाही.

असे का घडते? आमच्या या डोंगरांत पुष्कळ ठिकाणी काळा खडक आहे. त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार मोठा. पडलेले पाणी मुरण्यास जागाच सापडत नाही. दहा ओढ्यांचे मिळून ते एकदम खाली धावते. कुंतालाची ही कडम नदीच पाहा. तिच्यावरचे धरण बांधून पुरे होते न होते तोच ऑगस्ट १९५८ मध्ये पुराचे पाणी त्यावरून गेले आणि बांध फुटला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा पाणी धरणावरून वाहिले व खालच्या गावांतील माणसांना घरे सोडावी लागली. जेथे धरणाचा निभाव लागत नाही, तेथे माणसाच्या दोन पायांचा काय लागणार! ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण, एक स्त्री व चार मुले, पाहता पाहता वाहून गेली. ती मंडळी सुटीचा दिवस आनंदात घालविण्यास आली होती.

म्हणून वाचकहो, मुलांना धबधब्यावर जाऊ देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य जाऊ द्या. परंतु जाण्याची रीत शिकवून पाठवा. पावसाचा जोर ओसरून पाणी नितळ झाले, म्हणजे आश्विन-कार्तिकात जावे. निघताना कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे घरी सांगावे. स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. पाण्याचा रंग पालटला, काटक्या व पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की आवराआवर न करता उंच काठ गाठावा. शेवाळलेल्या खडकावर टोकाशी जाऊन छायाचित्रे काढू नयेत. धबधब्याखालच्या डोहात पोहू नये. तेथे पाणी फेसाळलेले असते, ते अंगाला उचलून धरत नाही, आणि वरून कोसळणारा प्रवाह तळाकडे दाबतो. कुंतालाच्या डोहात बुडालेल्यांत पोहणे येणारेही होते. कोणी बुडत असल्यास मागोमाग उडी घालू नये. दोर, धोतर, लुगडे, लांब बांबू, जे हाती असेल ते काठावरून टाकावे. एक बळकट दोर तर शिदोरीबरोबर प्रत्येक टोळीने न्यावाच.

शेतकऱ्याच्या घरात आभाळ वाचण्याची विद्या परंपरेने आलेली आहे. पेरणीसाठी आपण ती वापरतो, मळणीसाठी वापरतो. तीच विद्या सहलीच्या दिवशी घरी ठेवून जाण्याचे कारण नाही. यंदा सात धबधब्यांपैकी तीनच पाहून झाले, तर उरलेले चार पुढील वर्षी त्याच जागी भेटतील. आपली मुले तेवढी सांजवेळेपूर्वी उंबऱ्याच्या आत आली पाहिजेत.